हॉर्नच्या गावात आधारस्वर

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकला एका महामार्गाच्या कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी एक कल्पना मांडली. गाड्यांच्या हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन, माउथ ऑर्गन अशा वाद्यांचेच आवाज यावेत, तसा कायदा करण्याचा विचार आहे; रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्यांना सायरनऐवजी आकाशवाणीची सकाळची धून बसवता येईल का, हेही तपासतो आहोत, असं ते म्हणाले. २०२५ मध्ये त्यांनी ही कल्पना पुन्हा बोलून दाखवली. दोन्ही वेळा लोकांनी ती हसण्यावारी नेली. मला ती तशी न्यावीशी वाटत नाही. आपल्या रस्त्यांवरच्या गोंगाटाला आपल्याच संगीतातून काही उत्तर मिळेल का, हा प्रश्न त्यामागे आहे आणि तो खरा आहे. जगभरचे ध्वनिकलावंत गेली पन्नास वर्षं तो वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आले आहेत. या लेखात त्या सगळ्या उत्तरांकडे परंडा या तालुक्याच्या गावात उभं राहून पाहायचं आहे, कारण ध्वनिकलेची चर्चा मुंबई आणि न्यूयॉर्कपुरती राहते आणि तालुक्याच्या गावांचे कान तिच्या हिशेबातच येत नाहीत.

आधी त्या धुनेबद्दल. आकाशवाणीची ती ओळखधून वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ च्या सुमारास बांधली. कॉफमन ज्यू होते. युरोपातलं वातावरण बिघडत चालल्यावर १९३४ मध्ये ते प्रागहून मुंबईला आले आणि पुढे मुंबईच्या रेडिओवर संगीताचं काम पाहू लागले. धुनेवर शिवरंजनीची छाया आहे, स्वर व्हायोलिनचा आहे आणि तळाशी तानपुरा झंकारत असतो. ती इतकी शांत वाटते याला कारण एकटे स्वर नव्हेत. पहाटे घर उठलेलं असायचं, चूल किंवा शेगडी पेटलेली असायची, बाकी सगळं निवांत असायचं आणि त्या निवांतपणात ती धून लागायची. ऐकणारा तिची वाट पाहत असे. तीच धून अपघातातला जखमी घेऊन धावणाऱ्या गाडीवर चढवली, तर दोनचार वर्षांत ती कानावर पडताच छातीत धस्स होईल. त्यातून सायरनचं रूप सुधारणार नाही, एक सुंदर धून मात्र आपण गमावून बसू.

हॉर्नचंही तेच आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष तोडणं हेच हॉर्नचं काम आहे. बासरी हॉर्नमध्ये घातली की ती लक्ष तोडायला लागते, आणि लक्ष तोडणारी बासरी कुणाला गोड लागायची? शिवाय आवाजाचं गणित भावना पाहत नाही. डेसिबलची पट्टी लघुगणकी (लॉगॅरिदमिक) असते. सारख्या जोराचे दोन आवाज एकत्र आले की पातळी ३ डेसिबलने चढते, दहा आवाज आले की १० डेसिबलने. चौकात अडकलेल्या दहा गाड्यांच्या दहा बासऱ्या दहा वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजल्या तर कोणत्याही रागाचा त्यात मागमूस उरणार नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ क्रमांकाचा नियम एकामागून एक वेगळे स्वर काढणाऱ्या हॉर्नला बंदीच घालतो. कर्कश आणि दचकवणाऱ्या हॉर्नलाही घालतो. तरी खाजगी बसेस आणि ट्रकवर सिनेमाच्या गाण्यांचे हॉर्न वाजतातच. आहे तो नियम पाळला गेला तरी परंड्याच्या एस.टी. स्टँडसमोरची संध्याकाळ बरीच हलकी होईल.

इशाऱ्याच्या आवाजाचा खोलात जाऊन विचार एका कलावंतानेच केला, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेतले मॅक्स न्यूहाउस मुळात तालवादक. सायरन सुंदर कसा करावा, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. तो ऐकून गाडी कोणत्या दिशेने येते आहे हे माणसाला कळतं का, हे त्यांनी विचारलं. पुष्कळदा कळत नाही. सततचा चढउतार करणारा सूर इमारतींवरून आपटून सगळीकडून आल्यासारखा वाटतो, म्हणून चालक गोंधळतात आणि गाडीवाला आवाज आणखी वाढवतो. न्यूहाउस यांनी तुटक, दिशा सांगणारे आवाज रचले, अनेक वर्षं प्रयोग केले आणि १९९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. संगीत जाणणाऱ्या माणसाने रस्त्यासाठी काय करावं, याचं हे मला सर्वांत पटलेलं उदाहरण आहे. त्यांनी रस्त्यावर संगीत आणून ओतलं नाही. कानाला नेमकं काय कळतं, ही आपली जाण रस्त्याला दिली.

आता आपल्या राज्यातली स्थिती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारपेठेत ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. कागद चांगला आहे. तो कागदावरून रस्त्यावर यावा म्हणून मुंबईत सुमैरा अब्दुलअली आणि त्यांचं आवाज फाउंडेशन, ठाण्यात डॉ. महेश बेडेकर यांच्यासारखी माणसं न्यायालयात वर्षानुवर्षं लढली. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ ला, तर मुंबई उच्च न्यायालयाने बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिले. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला काही सिग्नल असे बसवले की हॉर्नची पातळी ८५ डेसिबलच्या वर गेली की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. जितका हॉर्न, तितकं थांबणं. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नीरी या संस्थेकडून महानगरांच्या आवाजाचे नकाशेही करून घेतले. नगरपरिषदेची गावं त्या नकाशांत नाहीत. परंड्यात दुपारी बारा वाजता किती डेसिबल असतात, याचा कागद कुणाकडे मागायचा?

कायद्याची एक बाजू मात्र संगीतवाल्यांना दुखावून गेली आणि तिची चर्चा फारशी होत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, या नियमामुळे पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव बदलला. १९५३ पासून चालत आलेल्या या महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठका हळूहळू गेल्या. त्यांच्याबरोबर मध्यरात्रीचा दरबारी, उत्तररात्रीचा मालकंस, पहाटेचा ललत हे आपापल्या प्रहराला, मोठ्या समुदायात, उघड्या आभाळाखाली ऐकण्याची सवय गेली. वर्षातल्या मोजक्या दिवसांना सूट मिळते, ती बहुतेक वेळा मिरवणुकांच्या वाट्याला जाते. शहराला शांत करणारं संगीत आणि शहराला बधिर करणारी डीजेची भिंत यांना एकच नियम लागला आणि त्यातली शांत बाजू आधी मागे हटली. तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. मालकंसाला ध्वनिक्षेपक लागतोच असं नाही. डीजेचं त्याच्यावाचून चालत नाही.

ध्वनिकला म्हणजे काय, हे परंड्याच्या वाचकाला एका उदाहरणाने सांगता येईल. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, ब्रॉडवेवर ४५ आणि ४६ क्रमांकाच्या रस्त्यांच्या मध्ये, पदपथाच्या बेटावर एक लोखंडी जाळी आहे. खाली भुयारी रेल्वेची हवा खेळवणारी पोकळी आहे. त्या पोकळीत न्यूहाउस यांनी १९७७ मध्ये एक आवाज बसवला. मोठ्या घंटांचा नाद विरत जावा तसा, पण न विरणारा. पाटी नाही, नाव नाही. हजारो लोक जाळीवरून चालत जातात आणि त्यांना वाटतं यंत्र घुरघुरतंय. एखादाच थबकतो. थबकला की मग भोवतीच्या गोंगाटातले हॉर्न, पावलं, इंजिनं त्या नादावर बसलेली ऐकू येतात. १९९२ मध्ये तो बंद झाला, २००२ मध्ये पुन्हा सुरू केला. त्याने गोंगाट कमी होत नाही. ऐकणाऱ्याला गोंगाटात उभं राहायला जागा मिळते.

भारतीय संगीतावाचून समजूच शकणार नाही अशी कलाकृती त्याच शहरात आहे. ला माँट यंग आणि मेरियन झझीला यांचं ड्रीम हाउस. जाड गालिचा, जांभळट गुलाबी उजेड आणि भिंतींएवढ्या स्पीकरमधून येणाऱ्या, न बदलणाऱ्या शुद्ध स्वरलहरी. बदलतो तो ऐकणारा. मान जराशी कलली की एक स्वर मागे जातो, दुसरा पुढे येतो. चाललात तर खोलीभर स्वरांची चढण-उतरण होते. स्तब्ध बसलात तर सगळं स्तब्ध. यंग यांनी १९५० च्या दशकात अली अकबर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि तिच्यातल्या तानपुऱ्याने त्यांना धरलं. पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि यंग, झझीला आणि संगीतकार टेरी रायली त्यांचे शिष्य झाले, त्यांच्याजवळ राहिले, शिकले. प्राणनाथ किराणा घराण्याचे. अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. एका स्वरावर ठाण मांडून त्याला आतून उघडत नेणं ही किराण्याची रीत. ड्रीम हाउसमध्ये गायक उरला नाही, रागही उरला नाही. तो ठाण मांडलेला स्वर मात्र उरला. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते घर शांत नाही. तिथला आवाज चांगलाच मोठा असतो आणि काहींना तो सोसत नाही. स्वर शुद्ध असला म्हणून मोठेपणा माफ होत नाही.

किराणा म्हटलं की आपल्या बाजूचा माणूस मिरजेकडे पाहतो. घराण्याचे दुसरे थोर पुरुष, अब्दुल करीम खाँसाहेब, मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले, तेव्हापासून मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, भीमसेन जोशी सवाईंचे. तानपुरेही मिरजेतच होतात. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याचं पोट ज्या भोपळ्याचं, तो पिकतो सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूरच्या पट्ट्यात. परंड्याहून पंढरपूर काही लांब नाही. जगातल्या मोठ्या ध्वनिकलाकृतीमागे ज्या वाद्याचा नाद आहे, ते आपल्या शेजारच्या भीमेच्या काठावर वेलाला लागतं, हे इथल्या शाळेत कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

तानपुरा लावलेला पुष्कळांनी पाहिला असेल. जवारी काढताना, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा नाद उघडताना पाहायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावं. भोपळ्यावरच्या तबलीवर घोडी असते, रुंद आणि माथ्याला किंचित उतरती. कारागीर तिचा माथा कानशीने घासतो. एक हात मारला, फुंकर मारून भुकटी उडवली, तार परत घोडीवर टाकली, छेडली, कान वाद्याकडे. पुन्हा तार उचलली, पुन्हा हात. किती घासायचं याचं माप डोळ्याला दिसत नाही. केसाएवढा चढ राहिला तरी तार बसकी बोलते, केसाएवढा जास्त गेला तर नुसती खरखरते. माथा मनासारखा झाला की तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. दोरा किंचित मागे-पुढे होतो आणि एका जागी तार एकदम उघडते. आधी ‘सा’ होता, आता त्या ‘सा’च्या पोटातून वरचा षड्ज, पंचम, गंधार एकापाठोपाठ बाहेर येतात. कारागीर मान हलवत नाही, हसत नाही. दुसरी तार घेतो.

हे नुसतं रसिकाचं बोलणं नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या वरच्या स्वरांचा स्थिरबिंदू पडतो, ते स्वर वाजूच नयेत, असा पाश्चात्त्य वाद्यांवरून बसवलेला नियम होता. तानपुऱ्याच्या तारेत ते स्वर वाजतात, असं रामन यांनी दाखवलं. कारण ती रुंद घोडी आणि तो दोरा. तार घोडीला टेकते, उठते, पुन्हा टेकते आणि नाद सतत नव्याने भरत राहतो. कानाला एकच स्वर ऐकू येतो आणि तरी तो प्रत्येक क्षणी थोडा वेगळा असतो. कान त्याला कंटाळत नाही, त्याच्याने दचकतही नाही. शहरातला त्रास नेमका याच्या उलट असतो: पुढचा आवाज केव्हा आणि कुठून अंगावर येईल याचा भरवसा नसतो. म्हणून मला वाटतं, गोंगाटावरच्या उपायासाठी आपल्या संगीतातून काही उचलायचंच असेल तर धून उचलू नये, राग उचलू नये, वाद्याचा आवाजही उचलू नये. आधारस्वर उचलावा, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकी सगळं ऐकता येतं तो. सध्या होणारे बहुतेक प्रयोग धुनेच्याच मागे लागले आहेत.

त्यातला मोठा भाग रागोपचाराचा. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग निद्रानाशावर अशी कोष्टकं ध्वनिफितींवर, आता मोबाइलवर फिरतात. संथ संगीताने श्वास संथ होतो, मन निवतं, हे अनुभवालाही येतं आणि अभ्यासांतही दिसलं आहे. एका ठरावीक रागाने एक ठरावीक रोग बरा होतो, याला भरवशाचा पुरावा नाही, आणि त्या नादाने कुणी गोळी सोडू नये. २००६ मध्ये इटलीच्या लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. २४ जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात भारतीय रागही होता. संथ संगीताने शरीर निवलं, जलद संगीताने चेतलं. संगीताच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवलेली होती. शरीर सर्वांत निवांत झालं ते त्या दोन मिनिटांत. संगीताने आधी लक्ष गोळा केलेलं होतं, मग संगीत थांबलं. बैठकीत समेनंतर गवई क्षणभर थांबतो आणि श्रोते श्वास सोडतात, ते ज्याने अनुभवलं आहे त्याला या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही.

यावरून सार्वजनिक ठिकाणच्या पार्श्वसंगीताबद्दल माझं मत कडक झालं आहे. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, हॉटेलात, बागेच्या खांबांवर दिवसभर बासरी चालू ठेवणं म्हणजे गोंगाटात भरच. थांबा नसलेलं संगीत कान बंद करायला शिकवतं. युरोपातल्या काही शहरांनी वेगळी वाट धरली. इंग्लंडच्या शेफील्ड स्टेशनसमोर पोलादी भिंतीवरून पाणी वाहतं, आणि त्याच्या खळखळीत रस्त्यावरची वाहतूक झाकली जाते. पाण्याचा आवाज सर्व पट्ट्यांत पसरलेला असल्याने तो इंजिनांवर पांघरूण घालू शकतो, बासरी घालू शकत नाही. बर्लिनच्या नाउएनर प्लाट्झवर आधी रस्त्याकडेने भिंत उभी केली आणि मग बाकांमधून पक्ष्यांचे आवाज ऐकण्याची सोय केली. आधी अडवायचं आणि मग ऐकवायचं, हा क्रम महत्त्वाचा आहे.

परंड्याला हा क्रम किल्ल्याने आयता दिला आहे. हा भुईकोट बहमनी काळातला, निजामशाहीच्या पडत्या काळात काही दिवस राजधानीही इथेच होती. खंदक, दुहेरी तटबंदी आणि वळणावळणाचा प्रवेशमार्ग. हल्लेखोराला सरळ धाव घेता येऊ नये म्हणून केलेली ती वळणं आवाजालाही सरळ येऊ देत नाहीत. बाजाराच्या बाजूने आत शिरावं. पहिल्या दरवाजात हॉर्न टोचत असतो, वळण घेतलं की त्याची धार जाते, आत आल्यावर पोपट आणि कबुतरं ऐकू येतात आणि मग आपलीच पावलं. हॉर्नच्या स्वराची लाट मीटरभराच्या आतबाहेरची असते, तट तिला सावलीत घेतो. डीजेच्या खर्जाचं तसं नाही. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब. ती तटाला वळसा घालून, दगडातून, पायाखालून येते. मिरवणुकीच्या रात्री किल्ल्यातही सुटका नाही. शहरं गोंगाटाची आणि खेडी शांत, ही समजूत आता सोडावी. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत डेसिबल मोजतात आणि आकडा शंभरीच्या आसपास येतो म्हणून बातमी होते. त्याच डीजेच्या भिंती ट्रॅक्टरवर चढून तालुक्याच्या अरुंद गल्ल्यांत येतात, तेव्हा तिथे मोजणारं कुणी नसतं.

याच किल्ल्यात एके काळी मुलूखमैदान तोफ होती. १५४९ मध्ये अहमदनगरला रूमी खानाने ओतलेली, पंचरसी, कित्येक टनांची. १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापूरला नेली आणि आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. ती डागल्यावर कान फुटू नयेत म्हणून गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या टाकीत बुडी मारत, अशी आख्यायिका आहे. तिचा धातू घंटेच्या जातीचा असल्याने हलकेच ठोकली तर ती घंटेसारखी नाद देते, असंही सांगतात. ज्या विजापूरला ती गेली, तिथे त्याच्या पाचच वर्षं आधीपर्यंत दुसरा इब्राहिम आदिलशाह राज्य करत होता. त्याने ‘किताब-ए-नवरस’ रचली, संगीतासाठी नवरसपूर नावाचं नगर वसवायला घेतलं आणि आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असं नाव दिलं. गोंगाटापासून दूर, ऐकण्यासाठी म्हणून एक शहर बांधावं, ही कल्पना आपल्या दख्खनच्या मातीत चारशे वर्षांपूर्वी आलेली होती. नवरसपूर उद्ध्वस्त झालं. आराखडा मनात धरायला हरकत नाही.

आधारस्वर परंड्याला बाहेरून आणावा लागणार नाही. दरवर्षी आषाढीला पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी परंड्यात मुक्कामाला असते. तुळजापूरच्या वाटेवरचे गोंधळी संबळाच्या कडकडाटाखाली तुणतुण्याची एकच तार अखंड चालू ठेवतात. संबळ थांबला की ती तार किती वेळ वाजत होती ते कळतं. आणि गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा असते. सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. पहारे वाटून घेतलेले असतात. पहाटे तीनच्या पहाऱ्याचा वीणेकरी येतो, आधीच्याच्या पाया पडतो, तो याच्या पाया पडतो, वीणा गळ्यातून गळ्यात जाते आणि तार तुटत नाही. दिवसभर शेतात राबलेला माणूस तासन्‌तास उभा राहून एकच स्वर छेडतो. ड्रीम हाउस जे यंत्राकडून करून घेतं, ते इथे गाव आळीपाळीने करतं. त्या वीणेचा आवाज मंडपाबाहेर जात नाही, जाण्याची गरजही नसते. ज्याला ऐकायचं तो आत येतो. अलीकडे मंडपाच्या चारी कोपऱ्यांना कर्णे लागले. त्यातून भजन तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जातं आणि मंडपात बसलेल्यालाच वीणा ऐकू येत नाही. हे मला फार लागतं, कारण यात कुणाचा वाईट हेतू नाही, भक्तीच आहे. कर्णा काढला तर काही कमी होणार नाही, उलट वीणा परत मिळेल.

दासबोध उतरवून घेणाऱ्या कल्याणस्वामींची समाधी परंडा तालुक्यातच, सीनेच्या काठी डोमगावला आहे. त्या दासबोधातल्या नवविधा भक्तीत पहिली श्रवण, कीर्तन त्यानंतर. या तालुक्याला ऐकण्याचं महत्त्व परक्याने येऊन सांगायला नको.

तेव्हा करायचं काय? संरक्षित स्मारकात स्पीकर ठोकून ‘ध्वनी व प्रकाश’ कार्यक्रम करण्याचा मोह कधी ना कधी कुणाला होईल; तो होऊ देऊ नये. किल्ल्यात सूर्योदयाच्या सुमारास दोन तानपुरे घेऊन, विजेशिवाय, पाऊण तास बसता येईल. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, सतरंजी लागेल, आणि तानपुरा लावता येणारा माणूस लागेल. असा माणूस मिळणं हीच खरी अडचण आहे. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रियाज करणाऱ्या पिढीला खुंट्या पिळून, मणी सरकवून, दोरा बसवून चार तारा एकजीव करता येत नाहीत. गावातल्या एका माध्यमिक शाळेने मिरजेहून एक तानपुरा आणला आणि दर आठवड्याला आठवी-नववीच्या मुलामुलींना तो लावायला बसवलं, तर दोन वर्षांत गावात वीसेक तयार कान होतील. हीच मुलं विज्ञानाच्या तासाला आवाजाची पातळी मोजणारं यंत्र घेऊन तीन जागी उभी राहतील: उपजिल्हा रुग्णालयाचं फाटक, एस.टी. स्टँड, किल्ल्याचा पहिला दरवाजा. सकाळी, दुपारी, रात्री, बाजाराच्या दिवशी आणि एरवी. शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे, हे त्यांना पुस्तकातून माहीत असेल. समोरच्या यंत्रावरचा आकडा त्यांनी वहीत उतरवावा आणि ती वही नगरपरिषदेच्या सभेत ठेवावी. पुढच्या गणेशोत्सवाच्या परवानग्या त्यानंतरच द्याव्यात.